नाथसागर: आईसोबतचे चार दिवस

आई गेली दोन-तीन वर्षं म्हणत होती की एकदा धरणावर जाऊन येऊ, आणि दरवेळी ऑफिस, मुलांच्या परीक्षा, काही ना काही निघायचं. या फेब्रुवारीत मामाचा फोन आला, "अक्का, पानी लई मागं सरकलंय, आपल्या मळ्याची विहीर उघडी पडलीय, यायचं तर आत्ताच ये". मग मी काही विचारच केला नाही, चार दिवसांची रजा टाकली आणि गाडी काढली.

आधी थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आईचं माहेर गोदावरीच्या काठचं, गंगापूर तालुक्यातलं. ते गाव पैठणच्या जायकवाडी धरणात गेलं, त्याच्याच जलाशयाला नाथसागर म्हणतात. बाबांचं गाव अंबड तालुक्यातलं, तिथल्या शेताला जायकवाडीच्याच डाव्या कालव्याचं पाणी मिळतं. म्हणजे ज्या पाण्यात माझं आजोळ बुडालं त्याच पाण्यावर माझं शिक्षण झालं, हॉस्टेलची फी उसाच्या बिलातून जायची. हे मला माहीत होतं लहानपणापासून, पण माहीत असणं आणि आईच्या शेजारी उभं राहून बघणं यात फरक आहे.

दिवस पहिला: पुणे ते प्रवरासंगम

सकाळी साडेसहाला निघालो. शिरूरला चहा, नगरच्या पुढे नाश्ता. रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर फार होते, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले, त्यांच्या मागे रांगत जायचं. नेवाशाला पैस खांबाचं दर्शन घेतलं, आईचा आग्रह होता, ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली ती जागा. तिथून पुढे प्रवरासंगम.

प्रवरासंगमला प्रवरा गोदावरीला मिळते आणि नाथसागराचं पाणी पार इथपर्यंत येतं. पैठणचं धरण इथून कितीतरी लांब आहे, कागदावर जलाशयाची लांबी ५५ किलोमीटर आणि रुंदी जास्तीत जास्त २७ सांगतात, आणि पुलावरून बघताना नदी कुठे संपली आणि धरण कुठे सुरू झालं हे कळतच नाही. टोक्याच्या सिद्धेश्वर मंदिरात गेलो. पेशवाईतलं काम, भिंतींवर देवादिकांच्या कथा कोरलेल्या, दगड इतका बारीक कोरलाय की आई बोटाने एकेक मूर्ती ओळखत बसली. घाटाच्या पायऱ्यांवर पाणी होतं, वरच्या पायऱ्यांवर पांढरट खुणा, म्हणजे पाणी कुठपर्यंत चढतं त्या.

आई म्हणाली, लग्नाआधी आम्ही बैलगाडीने इथे यायचो, तेव्हा नदी खाली होती, खूप खाली. आता पाणी वर आलंय, नदी गेली. मला वाटलं रडेल, पण नाही, ती शांतपणे पायऱ्या मोजत होती.

मुक्काम मामाकडे, पुनर्वसित गावात. पुनर्वसित गावं लगेच ओळखू येतात, सरळ सरळ गल्ल्या, एकाच मापाचे प्लॉट. जुन्या गावांसारखी वाकडीतिकडी बोळं नाहीत. मामीने जोंधळ्याची भाकरी, पिठलं आणि ठेचा केला होता. जेवताना मामा सांगत होता की या धरणात शंभराहून जास्त गावं गेली, काही पूर्ण, काही अर्धी. आमच्या आजोबांना जमिनीचे पैसे हप्त्याहप्त्याने मिळाले, आणि ते मिळेपर्यंत जमिनीचे भाव चढले, मग बदल्यात घ्यायची तेवढी जमीन घेताच आली नाही. ऑफिसात खेटे घालून घालून चप्पल झिजली आणि नव्या गावात नळाला पाणी यायला कितीतरी वर्षं गेली. धरण डोळ्यासमोर आणि मामी डोक्यावरून पाणी आणायची. हे ऐकताना भाकरी गिळवत नाही खरंच. ज्यांनी सगळ्यात जास्त दिलं त्यांना सगळ्यात शेवटी मिळालं, याला माझ्याकडे दुसरा शब्द नाही, अन्यायच आहे तो.

दिवस दुसरा: बॅकवॉटर आणि मळ्याची विहीर

पहाटे साडेपाचला मामाने उठवलं. थंडी होती चांगलीच. मामेभाऊ बाईकवर पुढे, आम्ही गाडीत, आणि जिथे डांबर संपलं तिथून पायी. वाटेत बेशरमाची झुडपं माणसाच्या उंचीची, मग जरा ओलसर काळी जमीन, आणि मग समोर नुसतं पाणी. पलीकडचा काठ दिसत नाही. समुद्रच.

आणि पक्षी! मी काही पक्षीनिरीक्षक नाही, मोबाईलशिवाय काही नव्हतं हातात, पण मामेभावाला सगळी नावं पाठ आहेत. हा भाग १९८६ साली पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. चक्रवाकाच्या जोड्या होत्या, तांबूस रंगाच्या, लांब पायांचे शेकाटे चिखलात चालत होते, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हंस होते, जे हिमालय ओलांडून येतात. लांब पाण्यात एक गुलाबी रेघ होती, मला वाटलं उन्हाची तिरीप आहे, तर ते रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. आणि सगळ्यात जास्त संख्येने काळे, कपाळावर पांढरा टिळा असलेले पक्षी, शेकड्याने, रांग धरून पोहत होते, त्यांना मराठीत वारकरी म्हणतात. नाथांच्या पैठणच्या पाण्यात वारकरी! आईला हे नाव इतकं आवडलं की ती दिवसभर येईल त्याला सांगत होती.

एवढे पक्षी इथे का, तर पाणी उथळ आहे. हे मला तिथे उभं राहिल्यावर समजलं. जलाशय पूर्ण भरला की साधारण ३५० चौरस किलोमीटर पसरतो आणि साठा २९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे १०२ टीएमसीच्या वर. भागाकार केला तर सरासरी खोली जेमतेम आठ-साडेआठ मीटर येते. कोयनेसारखं दरीतलं खोल पाणी नाही हे, परातीत ओतल्यासारखं पसरलेलं आहे. म्हणून पक्ष्यांना चिखल, किडे, शेवाळ भरपूर, आणि म्हणूनच उन्हाळ्यात बाष्पीभवन प्रचंड. पाणी दोन-तीन फूट उतरलं तरी काठ कितीतरी आत सरकतो.

त्या सरकलेल्या जमिनीवर लोक गाळपेर करतात. पाणी मागे गेलं की उघड्या पडलेल्या गाळात हरभरा, काकडी, टरबूज लावायचं, ओल आयतीच असते. जिकडे बघावं तिकडे मोटारींच्या केबल, जाडजूड पाईप, बांबूवर टांगलेल्या वायरी. पाणी जसं मागे जातं तशी मोटार पुढे सरकवायची, चर खणायचा. मामा म्हणाला उन्हाळ्यात एकेकाला सात-आठ वेळा मोटार हलवावी लागते. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून एक माणूस जाळं काढत होता, पाय पाण्यात सोडलेले, हातानेच वल्हवत होता, जाळ्यात चिलापी जास्त.

मग आम्ही विहिरीकडे गेलो. गाव अजून पाण्यातच आहे, मामाने हात लांब करून दाखवलं, "तितं त्यो खांब दिसतो ना, त्येच्या पल्याड मारुतीचं देऊळ व्हतं". उघडा पडला होता तो गावाबाहेरचा आमचा मळा. विहिरीत काठोकाठ गाळ भरलेला, फक्त दगडी कड वर. मामाने जवळ जाऊ दिलं नाही, वरून वाळलेला दिसतो पण आत माणूस रुततो. पण विहिरीच्या बाजूचं थारोळं चांगलं शाबूत होतं. ज्यांनी मोट बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, बैलांनी मोट ओढली की पाणी ज्या दगडी कुंडात पडायचं ते थारोळं, तिथून ते पाटाने शेतात जायचं. एका बाजूचा दगड इतका गुळगुळीत झालेला की हात घसरावा. आईने त्यावर हात ठेवला. म्हणाली, इथे आम्ही पाय धुवायचो शेतातून आल्यावर, मी इथे बसायचे आणि हा (म्हणजे मामा) तिथे. दोघं बसले पण. पन्नास वर्षांनी, तशाच जागी. मी फोटो काढला नाही. काढावासा वाटलाच नाही.

गाव सोडलं तेव्हा आई पंधरा वर्षांची होती, १९७४ चा पावसाळा लागायच्या आधी. घराची कौलं, दारं, वासे काढून गाडीत भरून नेले, देव नेले. आजी सगळ्यात शेवटी निघाली, चुलीजवळची जागा सारवून. पाण्यात जाणारं घर सारवून निघाली ती. हे आईने मला आजवर कधी सांगितलं नव्हतं.

येताना आईच्या चपला चिखलाने भरल्या होत्या. मामी म्हणाली द्या धुवून टाकते, आई नको म्हणाली, आणि तशाच एका कॅरीबॅगमध्ये घालून डिकीत ठेवल्या, मामीच्या जुन्या चपला घालून पुढचा प्रवास केला.

दिवस तिसरा: पैठण

सकाळी पैठणला निघालो. मामेभावाच्या ओळखीचे एक निवृत्त अभियंता काका सोबत आले, त्यांनी नोकरीतली बरीच वर्षं याच धरणावर काढली. धरणावर सगळीकडे जाता येत नाही, फोटोलाही मनाई आहे, पण जिथपर्यंत परवानगी होती तिथपर्यंत नेलं आणि इतकं छान समजावलं की मी वहीत लिहून घेतलं.

पहिली गोष्ट, हे धरण वाटतच नाही. मी लहानपणी शाळेच्या ट्रिपला आले होते, तेव्हा फक्त दरवाजे आठवतात. खरं धरण म्हणजे दरवाज्यांच्या दोन्ही बाजूंना पसरलेली मातीची टेकडी, जवळपास १० किलोमीटर लांब, जास्तीत जास्त उंची ४१ मीटर. वरून सरळ रस्ता, एका बाजूला पाणी, एका बाजूला गवताचा उतार. देशातल्या मोठ्या मातीच्या धरणांमध्ये याची गणना होते.

मातीचंच का? काका म्हणाले, इथली दरी रुंद आणि सपाट आहे, दहा किलोमीटर दगडी भिंत बांधायची तर किती दगड, किती सिमेंट लागेल विचार करा, आणि काळी माती, मुरूम इथे हवा तेवढा. मधोमध काळ्या चिकणमातीचा गाभा, ज्याला ते हार्टिंग म्हणत होते, त्यातून पाणी सहज जात नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाचं कवच, म्हणजे केसिंग, जे वजनाने गाभा धरून ठेवतं. पाण्याच्या बाजूने दगडांचं पिचिंग, लाटांनी माती धुपू नये म्हणून. माती नुसती टाकत नाहीत, पातळ थर टाकायचा, बेताचं पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, घट्ट झाला की वर दुसरा थर. असं करत करत ४१ मीटर!

मी विचारलं मग मातीतून पाणी झिरपत नाही का. तर झिरपतंच, ते म्हणाले, मातीचं धरण थोडं पाझरणारच. खालच्या बाजूला ते पाणी नाल्यात गोळा करतात आणि मधे पत्र्याची एक इंग्रजी व्ही आकाराची खाच बसवतात, तिच्यातून किती उंचीने पाणी वाहतंय त्यावरून रोज किती पाझर झाला ते मोजतात. मग त्यांनी एक वाक्य सांगितलं ते डोक्यात बसलंय: पाणी किती येतं त्यापेक्षा कसं येतं ते बघायचं. नितळ आलं तर झोप लागते, गढूळ आलं तर नाही, कारण गढूळ म्हणजे आतली माती वाहून निघाली. म्हणून उतारावर झाडं वाढू देत नाहीत, मुळं कुजली की पोकळी राहते. उंदीर-खेकड्यांची बिळंसुद्धा शोधून बुजवतात. एवढं मोठं धरण, आणि लक्ष ठेवायचं ते खेकड्याच्या बिळावर.

आणि सगळ्यात मोठा धोका म्हणजे पाणी बांधावरून जाणं. दगडी धरणावरून पाणी गेलं तर एक वेळ ते उभं राहील, माती राहणार नाही. आम्हा पुणेकरांना हे सांगायला नको, पानशेत मातीचंच होतं, १२ जुलै १९६१ ला फुटलं आणि पुणं वाहून गेलं. त्यानंतर चारच वर्षांनी, १८ ऑक्टोबर १९६५ ला, लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली. म्हणून इथे सांडवा, म्हणजे जादा पाणी सोडायची जागा, पक्क्या बांधकामाचा, त्याला २७ दरवाजे, आणि पूर्ण भरल्याची पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट. पावसाळ्यात पैठणमध्ये पोराटोरांनासुद्धा आजची पातळी किती फूट ते माहीत असतं.

ऑगस्ट २००६ मध्ये जवळपास अडीच लाख क्युसेक पाणी सोडावं लागलं होतं, पैठण शहरात पाणी घुसलं. काका त्या वेळी ड्युटीवर होते. म्हणाले, धरण वाचवायचं तर सोडावंच लागतं, आणि खाली आपलीच माणसं असतात. एवढंच बोलले आणि गप्प झाले.

मग जलविद्युत केंद्र, लांबूनच. इथे वीज १२ मेगावॅटची, म्हणजे कोयनेपुढे काहीच नाही, पण कल्पना फार सुंदर आहे. यंत्र उलटसुलट दोन्ही चालणारं आहे. विजेची गरज जास्त असते तेव्हा धरणाचं पाणी टर्बाइनवरून खाली सोडून वीज करायची, आणि विजेची मागणी कमी असते तेव्हा त्याच यंत्राचा पंप करून खालच्या बंधाऱ्यात अडवलेलं पाणी परत वर चढवायचं. पावसाळ्याच्या बातम्यांमध्ये "जलविद्युत केंद्रातून १५८९ क्युसेक" असं येतं ना, तो आकडा याच यंत्राचा. सेकंदाला साधारण ४५ हजार लिटर. धरणाचं दार उघडायच्या आधी बहुतेक वेळा पहिलं पाणी इथूनच सुटतं, आणि नदीकाठच्या गावांना तोच पहिला इशारा.

जायकवाडी हे नाव कुठून आलं हा प्रश्न माझ्या मुलाने निघतानाच विचारला होता, कारण पैठणजवळ त्या नावाचं गाव नाही. मूळ योजना निजामाच्या काळातली, बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ धरण बांधायची, पुढे जागा बदलून पैठण ठरली, नाव तेच राहिलं. हे धरण व्हावं म्हणून शंकरराव चव्हाणांनी जीव टाकला, ते मूळचे पैठणचेच. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं तेव्हा मुख्यमंत्री तेच होते.

दुपारी नाथांच्या समाधीचं दर्शन, मग गावातल्या नाथांच्या वाड्यात. तिथे रांजण आहे. देवाने श्रीखंड्या होऊन नाथांच्या घरी बारा वर्षं कावडीने पाणी भरलं ती गोष्ट आईने रांजणासमोर उभी राहून पुन्हा सांगितली, मी शंभरदा ऐकलेली, तरी ऐकली. बाहेर आल्यावर म्हणाली, देवाने एका घरी भरलं, आपण किती घरी भरलं बघ. संभाजीनगर, जालना, परळीचं वीजकेंद्र, सगळीकडे पाणी इथूनच जातं.

दिवस चौथा: डावा कालवा

मामा पैठणहूनच परत गेला. निघताना म्हणाला, "अक्का, पानी अजून उतरलं तर कळवतो, मारुतीचं देऊळ बघाया ये". मग आम्ही दोघीच.

डावा कालवा पैठणहून निघतो तो २०८ किलोमीटर जातो, पार परभणी जिल्ह्यापर्यंत. उजवा १३२ किलोमीटर, तो माजलगावकडे. रस्ता काही ठिकाणी कालव्याला लागून आणि काही ठिकाणी दूर. एका बाजूला ऊस, मोसंबीच्या बागा, हिरवंगार, आणि कालव्याच्या वरच्या बाजूला पाणी न मिळणारं कोरडं रान, रेघ मारावी तसा फरक. कालव्याला ठिकठिकाणी भेगा पडल्यात, अस्तर निघालंय, शेवटच्या गावांना पाणी पोचत नाही ही तक्रार जिथे थांबू तिथे.

आणि धरण भरलंच नाही तर कालव्यात काय येणार? वर नाशिक-नगरमध्ये धरणं झाली, भरण्याची पहिली पाळी त्यांची. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटप आलं, १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचं असं सूत्र ठरलं, तरी तुटीच्या वर्षी दरवेळी कोर्ट, आंदोलनं. मला नाशिक-नगरच्या शेतकऱ्याचाही राग नाही, त्याची द्राक्षं वाळताना त्यालाही तेवढंच दुखतं. पण ज्या पाण्यासाठी आमच्या आजीने घर सोडलं ते पाणी धरणात यावं एवढी अपेक्षा मी ठेवणारच.

दुपारी गावी पोचलो. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, शेती चुलत भाऊ बघतो. रब्बीचं आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, चालू होतं, आमच्या चारीला पाणी आलं होतं, गव्हाला देत होते. दादा खोऱ्याने दारं मोडत होता, एका वाफ्याचं बंद करून दुसऱ्याचं उघडायचं. आई बांधावर बसली. तिने विचारलं, पैठणहून इथे यायला पाण्याला किती वेळ लागतो रे. दादा म्हणाला, कालवा भरून चालू असला की दोन दिवस धरा काकू.

आई बोटांवर काहीतरी मोजत होती. म्हणाली, म्हणजे परवाचं.

मग मला डिकीतून ती कॅरीबॅग आणायला लावली. चपलांवरचा चिखल वाळून कडक झाला होता, करडा, भेगा पडलेला. तिने एक काडी घेतली आणि चपलेच्या खाचांतून तो गाळ उकरून उकरून काढला, एकही ढेकूळ बाहेर न पडू देता, आणि ओंजळीने पाटाच्या पाण्यात सोडला. पाणी क्षणभर गढूळ झालं आणि गव्हाच्या वाफ्यात शिरलं. मग तिने चपला धुतल्या, पायात घातल्या, आणि काकूने घरून हाक मारली की चहा झालाय.